बशीतला जंतू आणि पोटातला जंतू



आजचा विषय बाहेर फलकावर तुम्ही वाचलाच असेल. आंबवलेली पेयं पोटातल्या अपायकारक जंतूंना आवर घालू शकतात का? मी डॉक्टर आहे, पण तत्त्वज्ञानाचा. (हशा) तेव्हा कोणती बाटली विकत घ्यावी हे मला विचारू नका. मी आयुष्यभर वर्गात अनुमान शिकवलं. काय पाहिलं, त्यावरून काय ठरवलं, आणि मधली पायरी पक्की होती की नुसती वाटली, एवढंच मला तपासता येतं. पण या विषयाचा इतिहास वाचत गेलो तसं लक्षात आलं, की इथे सगळं भांडण त्या मधल्या पायरीचंच आहे. सव्वाशे वर्षं चाललंय.

सुरुवात दह्यापासून होत नाही. कॉलऱ्यापासून होते.

१८८४ पर्यंत रॉबर्ट कॉख यांनी कॉलऱ्याचा जंतू ओळखला होता. त्यातलं काही काम त्यांनी आपल्याकडे कलकत्त्याला केलं. आता जंतू सापडला, रोगाचं कारण सापडलं, विषय संपला असं वाटेल. म्यूनिकला पेटनकोफर नावाचे प्राध्यापक होते, त्यांना ते पटेना. त्यांचं म्हणणं, नुसत्या जंतूनं कॉलरा होत नाही. जागा, जमीन, पाणी, माणसाची प्रकृती, हे सगळं जुळावं लागतं. १८९२ च्या ऑक्टोबरमध्ये या गृहस्थांनी कॉलऱ्याच्या जिवंत जंतूंचं पाणी चक्क पिऊन टाकलं. वय ७३. पोटातल्या आम्लानं जंतू मरतील अशी पळवाट राहू नये म्हणून आधी सोडा घेतला. त्यांना थोडे जुलाब झाले, बस्स. कॉलऱ्यानं मेले नाहीत. त्या वयात असा हट्ट करायला छाती लागते. मी परवा लग्नात दुसरी जिलबी घेताना चारदा विचार केला.

त्याच सुमाराला पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये एली मेचनिकॉव्ह हेच करत होते. हे आजच्या कथेचे नायक. युक्रेनमधल्या खारकोव्हजवळ १८४५ साली जन्मलेले, मूळचे प्राणिशास्त्रज्ञ. १८८२ मध्ये सिसिलीतल्या मेसिना इथे समुद्रताऱ्याच्या पारदर्शक अळीत त्यांनी काटे टोचले आणि सूक्ष्मदर्शकातून पाहिलं, तर अळीच्या फिरत्या पेशी काट्याभोवती गोळा झालेल्या. शरीरात परकं काही शिरलं की त्याला गिळायला धावणाऱ्या पेशी असतात, ही कल्पना तिथली. त्यासाठी त्यांना १९०८ चं नोबेल मिळालं, पॉल एर्लिक यांच्याबरोबर विभागून.

तर मेचनिकॉव्हनीही कॉलऱ्याचे जंतू प्यायले. काही झालं नाही. मग सहकाऱ्यानं प्यायले. त्यालाही काही नाही. मग आणखी एका तरुणानं प्यायले, आणि तो मरता मरता वाचला. आज कुठल्याही नैतिक समितीनं या प्रयोगाला दारात उभं केलं नसतं, आणि योग्यच केलं असतं. पण बघा, प्रश्न कसा टोकदार झाला. तोच जंतू, तसाच घोट. दोघांना काही नाही, तिसरा मरणाच्या दारात. का?

मेचनिकॉव्हनी काचेच्या बशीत जंतू वाढवून पाहिले. कॉलऱ्याच्या जंतूंशेजारी दुसरे जंतू ठेवले. काहींच्या शेजारी कॉलऱ्याचे जंतू फोफावले, काहींच्या शेजारी खुरटले. त्यांनी ताडलं, की पोटात आधीपासून कोण वस्तीला आहे, यावर नव्या पाहुण्याचं काय होणार हे ठरतं. आज आपण ज्याला प्रोबायोटिकची कल्पना म्हणतो तिचं बीज हे आहे. त्यात दही नाही, दीर्घायुष्य नाही, बल्गेरिया नाही. एक स्वच्छ प्रश्न आहे.

जाता जाता एक आपल्याकडचा धागा सांगतो. ओडेसाच्या विद्यापीठात मेचनिकॉव्हचा एक विद्यार्थी होता, वाल्देमार हाफकिन. तो गुरूच्या मागोमाग पॅरिसला गेला. सुरुवातीला त्याला पाश्चर इन्स्टिट्यूटच्या ग्रंथालयात साहाय्यकाचं काम मिळालं. त्यानं कॉलऱ्याची लस केली, जुलै १८९२ मध्ये स्वतःला टोचून घेतली, १८९३ मध्ये ती घेऊन हिंदुस्थानात आला. १८९६ ला मुंबईत प्लेग आल्यावर त्यानं ग्रँट मेडिकल कॉलेजातल्या छोट्या जागेत प्लेगची लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ ला पुन्हा स्वतःला टोचली. परळची हाफकिन संस्था त्याच्याच नावानं, १९२५ पासून. म्हणजे कॉलऱ्याच्या एकाच कोड्यावर गुरू-शिष्य दोन दिशांना गेले. शिष्य म्हणाला, शरीराला लढायला शिकवू. गुरू म्हणाला, पोटातली वस्ती बदलू. शिष्याचा मार्ग पुढच्या काही वर्षांतच हजारो माणसांवर तपासला गेला. गुरूचा तसा तपासला जायला जवळजवळ शंभर वर्षं लागली, आणि मधल्या काळात तो दुकानात गेला.

हे कसं झालं ते समजायला मेचनिकॉव्हचा स्वभाव थोडा पाहावा लागतो. हा माणूस तरुणपणी अतिशय निराशावादी होता. पहिली पत्नी क्षयानं गेली तेव्हा त्यानं मॉर्फीन घेऊन जीव द्यायचा प्रयत्न केला, आणि पुढे आणखी एकदा. थोरला भाऊ इव्हान इलिच न्यायखात्यात होता, १८८१ मध्ये अकाली गेला. टॉलस्टॉयची ती प्रसिद्ध दीर्घकथा, इव्हान इलिचच्या मृत्यूवरची, ती या भावाच्या मरणावरून सुचलेली. आपल्या घरातलं मरण जगभर वाचलं जातंय, अशा माणसानं उतारवयात आशावादी व्हायचं ठरवलं. ठरवलं म्हणजे पुस्तकच लिहिलं. १९०७ च्या फ्रेंच पुस्तकाच्या नावातच 'आशावादी' हा शब्द आहे. वार्धक्य हा एक आजार आहे, त्याला कारण आहे, म्हणून त्यावर उपायही असणार, हा त्याचा गाभा.

आणि कारण कुठे सापडलं? मोठ्या आतड्यात. तिथे अन्नाचा उरलेला भाग कुजतो, कुजवणारे जंतू विषारी द्रव्यं तयार करतात, ती रक्तात जातात, धमन्या कडक होतात, माणूस म्हातारा होतो. मोठं आतडं हा उत्क्रांतीनं मागे ठेवलेला निरुपयोगी अवयव आहे, असंही त्यांचं मत होतं. लंडनचे नावाजलेले शल्यविशारद आर्बथनॉट लेन यांनी या विचाराच्या आधारानं बद्धकोष्ठाच्या रोग्यांची मोठी आतडी कापून काढली. हो, खरंच कापून काढली. विचारातली सैल पायरी ही नुसती वर्गातली गोष्ट नसते, म्हणून सांगतो.

आता कुजणं थांबवायचं कसं? इथे मला आपल्या भाषेतली दोन क्रियापदं फार उपयोगी वाटतात. दूध नासतं, आणि दूध विरजतं. दोन्हीत जंतूच काम करतात. पण नासलेलं टाकून देतो, विरजलेलं वाढून घेतो. विरजलेल्यात आंबटपणा तयार होतो आणि त्या आंबटपणात नासवणारे जंतू टिकत नाहीत. लोणचं टिकतं, ताक टिकतं, इडलीचं पीठ आंबून वर आलं तरी सडत नाही. जगातल्या प्रत्येक स्वयंपाकघराला हे ठाऊक आहे. मेचनिकॉव्ह म्हणाले, दुधात जे घडतं तेच आतड्यात घडवू. आंबट दूध प्या, लॅक्टिक आम्ल करणारे जंतू आत जातील, वस्ती करतील, आणि नासवणाऱ्यांना हाकलतील.

१९०४ च्या जूनमध्ये पॅरिसला त्यांनी वार्धक्यावर जाहीर व्याख्यान दिलं. असंच, तुमच्यासारख्या श्रोत्यांसमोर. त्यात बल्गेरियाचा उल्लेख आला, की तिथले शेतकरी आंबट दूध पुष्कळ खातात आणि शंभरी गाठणारे तिथे फार आहेत. वर्तमानपत्रांनी उचललं. पुढच्या वर्षी जिनिव्हात शिकणाऱ्या स्तामेन ग्रिगोरोव्ह या बल्गेरियन तरुणानं तिथल्या दह्यातला लांबट जंतू शोधला, तो 'बल्गेरियन बॅसिलस'. मग काय विचारता. औषधांच्या दुकानांत बल्गेरियन गोळ्या, बल्गेरियन भुकटी, दही लावायची भांडी. अमेरिकेत डॉक्टर केलॉग, कॉर्नफ्लेक्सवाले, आपल्या आरोग्यधामात रोग्यांना दही तोंडानं द्यायचे आणि एनिम्यानंही. (हशा) हसू नका, तर्काच्या दृष्टीनं ते मेचनिकॉव्हहून सुसंगत होते. मोठ्या आतड्यात पोचवायचं तर जवळचा रस्ता धरला.

मेचनिकॉव्ह स्वतः सावध माणूस होता. शंभरीच्या आकड्यांत फुगवटा असावा, हे त्यांनी लिहून ठेवलंय. आंबट दुधावर वेगळी पुस्तिका काढून मी अमरत्वाचा नुस्खा दिलेला नाही असंही समजावलं. पण लोकांना पुस्तिका नको होती, पेला हवा होता. ते स्वतः वर्षानुवर्षं रोज आंबट दूध घेत. १९१६ मध्ये, ७१ व्या वर्षी, हृदयविकारानं गेले. टीकाकारांना आयतं सापडलं. पण एका माणसाच्या मरणानं उपाय खोटा ठरत नाही, जसा एका शंभरीच्या म्हाताऱ्यानं खरा ठरत नाही.

आता थोडं माझ्या प्रांतात येतो. आपल्या न्यायशास्त्रात अनुमानाचा पाया व्याप्ती. जिथे धूर तिथे अग्नी, हे आपण सगळ्यांनी ऐकलेलं. ते बरोबर. पण उलटं करा, जिथे अग्नी तिथे धूर. चूक. तापून लाल झालेल्या लोखंडाच्या गोळ्यात अग्नी आहे, धूर नाही. मग चुलीत अग्नीबरोबर धूर का दिसतो? कारण लाकूड ओलं आहे. ओलं सरपण ही मधली अट नैयायिकांनी शोधली आणि तिला 'उपाधी' असं नाव दिलं. व्याप्तीत उपाधी लपलेली असेल तर अनुमान फसतं, कारण ती अट जिथे नाही तिथे तुमचा नियम लागत नाही.

मेचनिकॉव्हची व्याप्ती अशी होती: जिथे लॅक्टिक आम्लाचे जंतू, तिथे नासवणाऱ्यांचा ऱ्हास. बशीत खरं. भांड्यात खरं. पण भांड्यात एक ओलं सरपण आहे. भांडं बंद आहे! आम्ल तयार होतं आणि तिथेच साठतं. मोठं आतडं बंद भांडं नाही. त्याचं अस्तर आम्ल शोषून घेतं, क्षार सोडतं, सगळा माल सतत पुढे सरकत असतो, आणि शिवाय तिथे आधीची वस्ती प्रचंड. किती प्रचंड? अलीकडचा अंदाज, एका माणसात साधारण ३८ लाख कोटी जंतू, त्यातले बहुतेक मोठ्या आतड्यात. आज मिळणाऱ्या ६५ मिलिलीटरच्या लोकप्रिय छोट्या बाटलीत साडेसहाशे कोटी असतात. आकडा ऐकायला मोठा वाटतो. भागाकार करा: सुमारे सहा हजारांत एक. पंढरपूरच्या वारीत एक दिंडी मिसळावी आणि तिनं सगळ्यांची चाल बदलावी अशी अपेक्षा आहे. बदलूही शकते, पण ते गृहीत धरता येत नाही, पाहावं लागतं.

येल विद्यापीठात रेटगर आणि चेप्लिन यांनी ते पाहिलं. १९२१ मध्ये त्यांचं पुस्तक आलं. बल्गेरियन बॅसिलस माणसाच्या आतड्यात वस्ती करत नाही, आला तसा निघून जातो. दुसरा एक लॅक्टिक जंतू, ॲसिडोफिलस, भरपूर दिला तर काही काळ टिकतो. आणि गंमत म्हणजे नुसती दुधातली साखर भरपूर दिली तरी आतड्यातले असे जंतू आपोआप वाढतात. म्हणजे पाहुणे पाठवण्यापेक्षा घरच्यांना जेवू घालणं हाही मार्ग होता.

यातून दोन वाटा फुटल्या. एक, आतड्यात टिकणारा जंतू शोधा. पाश्चर इन्स्टिट्यूटमध्येच आंरी तिसिए यांनी १९०० च्या सुमाराला अंगावर पिणाऱ्या बाळांच्या विष्ठेत दोन फांद्या फुटल्यासारखे जंतू पाहिले होते, बिफिडस. हगवणीच्या बाळांना ते द्यावेत असं त्यांनी सुचवलं. जर्मनीत निस्ले यांनी पहिल्या महायुद्धात, १९१७ मध्ये, बाल्कनमध्ये ज्या सैनिकाचे सोबती पोटानं आजारी पडले पण तो पडला नाही, त्याच्या विष्ठेतून एक ई. कोलाय जंतू वेगळा केला. तो आजही औषध म्हणून मिळतो. जपानमध्ये क्योटोला मिनोरू शिरोता यांनी १९३० मध्ये जठराचं आम्ल आणि पित्त सोसून पुढे जाणारा एक लॅक्टिक जंतू निवडून वाढवला आणि १९३५ ला तो घातलेलं पेय बाजारात आणलं. याकुल्ट. नाव दह्याच्या एस्पेरांतो शब्दावरून. दुसरी वाट बाजाराची. बार्सिलोनात १९१९ मध्ये कॅरासो नावाच्या गृहस्थांनी दही औषधांच्या दुकानांतून विकायला सुरुवात केली. त्या व्यवसायाचं नाव दानोन. ती आता केवढी झालीय ते तुम्ही जाणता.

पण मूळ प्रश्नाचं काय? एका जंतूची वस्ती दुसऱ्याला खरंच रोखते का? याचं सगळ्यात सुंदर उत्तर कुठलंही पेय न देता मिळालं. शिकागोत १९५० च्या दशकात बोनहॉफ आणि मिलर यांनी उंदरांवर प्रयोग केले. साल्मोनेला म्हणजे विषमज्वराच्या कुळातला जंतू. धडधाकट उंदराला तो लागायला सुमारे एक लाख जंतू पोटात घालावे लागत. मग उंदराला आधी स्ट्रेप्टोमायसिनचा एक डोस दिला. आतली वस्ती उजाड झाली. आता तोच रोग लागायला किती जंतू पुरले? दहाच्या आत. लाखावरून दहाच्या आत! वस्तीच पहारा देत होती. १८९२ ला पॅरिसमध्ये जे ताडलं ते खरं निघालं. यात वाचवणारी होती ती उंदराची स्वतःची, जुनी, मिश्र वस्ती. विकत आणलेला एक जंतू नव्हे.

आणि 'अपायकारक' हा शब्द? तोही तपासू. क्लॉस्ट्रिडियम डिफिसिल नावाचा जंतू आहे. १९३५ मध्ये तो पहिल्यांदा वेगळा केला तो निरोगी नवजात बाळांच्या विष्ठेतून. वाढवायला अवघड, म्हणून नाव डिफिसिल. बाळं खुशाल. १९७८ मध्ये कळलं की अँटिबायोटिक घेतलेल्या मोठ्या माणसांच्या आतड्याला जी भयंकर सूज येते, जुलाब होतात, प्रसंगी माणूस दगावतो, त्याचं कारण हाच जंतू. बाळाच्या पोटात निरुपद्रवी, आजोबांच्या पोटात जीवघेणा. मग याला दुष्ट म्हणायचं की नाही? दुष्टपणा त्याच्या अंगचा गुण नाही, तो परिस्थितीशी असलेला संबंध आहे. पेटनकोफर म्हातारबुवा कॉलऱ्याबाबत चुकले, पण हट्टात एवढं तथ्य होतं.

हा जंतू मी निवडला कारण आजच्या सभेतल्या निम्म्या लोकांचं वय माझ्या आसपास दिसतंय, आणि इस्पितळात गेलो तर आपल्यालाच त्याचा धोका. पेय तिथे काय करतं?

लंडन भागातल्या तीन इस्पितळांत एक चाचणी झाली, २००७ मध्ये प्रसिद्ध झाली. अँटिबायोटिक चालू असलेले १३५ रुग्ण, सरासरी वय ७४. निम्म्यांना आंबवलेलं पेय, निम्म्यांना तसंच दिसणारं निर्जंतुक मिल्कशेक. पेयात आपला जुना बल्गेरियन बॅसिलसही होता, बरं का, आणखी दोघांच्या सोबतीनं. निकाल: पेयाच्या गटात जुलाब १२ टक्क्यांना, दुसऱ्या गटात ३४ टक्क्यांना. आणि तो डिफिसिल? पेयवाल्यांत एकालाही नाही. दुसऱ्या गटात ५३ जणांपैकी ९. जगभर बातम्या झाल्या. पण टीकाही झाली. कितीतरी रुग्ण निकषांत बसत नाहीत म्हणून आधीच वगळलेले. शिवाय मिल्कशेकनंच काहींचं पोट बिघडलं नसेल कशावरून? म्हातारपणी दूध न पचणारे पुष्कळ असतात. म्हणजे इथेही ओल्या सरपणाचा संशय.

मग इंग्लंड आणि वेल्समध्ये मोठी चाचणी झाली. पेय नव्हे, कॅप्सूल; पण त्याच कुळातले जंतू. ६५ वर्षांवरचे २९४१ रुग्ण. २०१३ चा निकाल: जुलाब १०.८ टक्के विरुद्ध १०.४. डिफिसिलचे जुलाब ०.८ टक्के विरुद्ध १.२. फरक आहे म्हणावा असा नाही. पुढे अनेक चाचण्या एकत्र करून काढलेले अंदाज बऱ्यापैकी अनुकूल आहेत, पण कोणता जंतू, किती मात्रा, कोणत्या रुग्णाला, हे बदललं की उत्तर बदलतं.

आपल्या देशातली एक चाचणी मला फार महत्त्वाची वाटते. कोलकात्याच्या एका झोपडवस्तीत १ ते ५ वर्षांची ३७५८ मुलं. निम्म्यांना बारा आठवडे रोज याकुल्ट, निम्म्यांना जंतू नसलेलं पेय. कुणाला काय मिळालं हे देणाऱ्यालाही माहीत नाही, घेणाऱ्यालाही नाही. आणखी बारा आठवडे लक्ष ठेवलं. जुलाब झालेली मुलं: एका गटात ६०८, दुसऱ्यात ६७४. संशोधकांच्या हिशेबानं १४ टक्के घट. हा आकडा २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. आता १४ टक्के म्हणजे थोडे की फार? ज्या घरातलं मूल वाचलं त्या आईला विचारा. पण तीच आई रोज एवढ्या किमतीची बाटली आणू शकेल का, आणि तेवढ्या पैशात त्या वस्तीला स्वच्छ नळ मिळाला असता तर घट किती झाली असती, हेही विचारा. जाहिरात हा दुसरा प्रश्न विचारत नाही. आपण विचारायला हवा.

आणि एक उलटी बाजू. नेदरलँड्समध्ये स्वादुपिंडाची तीव्र सूज आलेल्या अत्यवस्थ रुग्णांना नळीवाटे प्रोबायोटिक दिलं. उद्देश चांगला होता, आतड्यातले उपद्रवी जंतू रक्तात जाऊ नयेत. २००८ चा निकाल: प्रोबायोटिक गटात १६ टक्के मृत्यू, दुसऱ्या गटात ६ टक्के. 'जिवंत आहे, नैसर्गिक आहे, अपाय तर होणार नाही' हे वाक्य तिथे संपतं. अत्यवस्थ माणसाला, प्रतिकारशक्ती खचलेल्याला, डॉक्टरला विचारल्याशिवाय असलं काही पाजू नये.

मग डिफिसिलवर सगळ्यात ठळक यश कशाला आलं? सांगू का, जेवणं झालीत ना सगळ्यांची? (हशा) निरोगी माणसाच्या विष्ठेतली सगळी वस्ती गाळून, पातळ करून, रुग्णाच्या आतड्यात सोडणे. पुन्हा पुन्हा आजार उलटणाऱ्या १६ रुग्णांपैकी १३ जण एका खेपेत बरे, दोघे दुसऱ्या खेपेत. नुसत्या अँटिबायोटिकवर १३ पैकी ४. तीही नेदरलँड्सचीच चाचणी, २०१३ ची. एक पाहुणा पाठवून जे जमलं नाही ते आख्खं गाव नेऊन वसवल्यावर जमलं. मेचनिकॉव्हचा प्रश्न बरोबर होता. उत्तराचं माप चुकलं होतं.

थोडं 'प्रोबायोटिक' या शब्दावर बोलतो, कारण त्यात एक तार्किक खोच आहे. २००१ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या अन्न आणि आरोग्य संघटनांच्या तज्ज्ञांनी व्याख्या केली. तिचा आशय असा, की पुरेशा प्रमाणात दिले असता शरीराला हितकारक ठरणारे जिवंत सूक्ष्मजीव. आता बघा, हित व्याख्येतच बसवलंय. मग 'प्रोबायोटिक हितकारक असतात का?' हा प्रश्न 'अविवाहित पुरुष बिनलग्नाचे असतात का?' असा झाला. उत्तर नेहमी हो! खरा प्रश्न हा, की या बाटलीतला हा जंतू प्रोबायोटिक आहे का, आणि कुठल्या हितासाठी? युरोपीय संघानं म्हणूनच वेष्टनावर हा शब्द छापणं म्हणजे आरोग्याचा दावा करणं असं मानलं. दावा करायचा तर पुरावा आणा. आपल्याकडे वेष्टन वाचायची सवय अजून लागायचीय.

समोरून चिठ्ठी आलीय. 'सर, मग आपल्या ताकाचं काय?' चांगला प्रश्न, मी वाटच पाहत होतो.

चरकसंहितेत ग्रहणी आणि अर्श या विकारांच्या चिकित्सेत ताकाला मोठं स्थान आहे. पण तिथे सरसकट ताक सांगितलेलं नाही. लोणी किती काढलं, कुठल्या प्रकृतीला, कुठल्या अवस्थेत, असे भेद आहेत. म्हणजे अटींसह. उपाधी ओळखण्याची सवय त्या वैद्यांना होती. त्यांनी जंतू पाहिले नव्हते, तेव्हा 'आमच्या पूर्वजांना प्रोबायोटिक माहीत होतं' असं कृपा करून म्हणू नका.

घरच्या ताकात लॅक्टिक जंतू भरपूर असतात. पण कोणते, हे तुमच्या विरजणावर ठरतं आणि विरजण घरोघरी वेगळं. त्यामुळे एका विशिष्ट जंतूवर झालेल्या चाचणीचा निकाल तुमच्या ताकाला लावता येत नाही. आणि ताकाला काही गुण नाही असंही त्यावरून म्हणता येत नाही. ताकात दुधापेक्षा साखर कमी उरते, ते पचायला हलकं, उन्हाळ्यात पाणी आणि मीठ पोटात जातं. एवढं तरी कुठल्याही चाचणीशिवाय पुरेसं आहे. कढी केलीत तर जंतू मेले, चव राहिली. सोलकढी आंबवलेली नसतेच, ती कोकमानं आंबट असते, तिला या यादीत घालू नका. अंबील मात्र रीतसर आंबवलेली, पण शिजवली की तिथेही तेच, जिवंत जंतू उरत नाहीत. वरून ताक घालून प्यायलात तर थोडे परत येतात.

आणि लहान मुलाला जुलाब होत असतील तर आधी जलसंजीवनी. ताक, बाटली, काय ते नंतर. दुसरी चिठ्ठी द्या.